सबमिशनचा प्रोग्राम बिनचूक चालतो, पण तो लिहिणाऱ्याला वाचता येत नाही. अशा वेळी गुण कशाला द्यावेत?

लॅबवही

नमस्कार मंडळी,

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवते आणि त्याच विषयाची प्रात्यक्षिकेही घेते. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले, म्हणजे आज माझ्या वर्गात बसणारी मुले दहावी-अकरावीत असल्यापासून अशी साधने हाताळत आली आहेत. त्यांना ती वापरू नका असे सांगणे व्यर्थ आहे, हे मला कळते, आणि या धाग्याचा विषय बंदी हा नाहीच.

जर्नल उतरवण्याची परंपरा आपल्याकडे एआयच्या कितीतरी आधीची आहे, हेही नमूद करते. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची फाईल मिळवायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ती जशीच्या तशी उतरवायची, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. पण त्या व्यवस्थेत एक गंमत होती. बाकीच्यांना उतरवायला मूळ प्रत लागे, त्यामुळे प्रत्येक बॅचमधल्या चार-पाच जणांना तरी प्रोग्राम खरोखर लिहावा लागे. शिवाय नक्कल ओळखू येई, कारण एकाच्या फाईलमधली स्पेलिंगची चूक वीस फायलींत सापडे. आता त्या चार-पाच जणांनाही स्वतः लिहिण्याची गरज उरलेली नाही आणि प्रत्येकाचा प्रोग्राम दुसऱ्यापेक्षा पुरेसा वेगळा दिसतो.

नेमके काय घडते ते एका उदाहरणाने सांगते. लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे प्रत्येक कप्पा (नोड) पुढच्याचा पत्ता सांगतो अशा साखळीतून, दिलेली संख्या काढून टाकण्याचा प्रोग्राम होता. एका विद्यार्थ्याने आणलेला प्रोग्राम पाहून कोणीही पैकीच्या पैकी गुण दिले असते. रिकामी यादी, पहिलाच नोड काढायचा असेल तर काय करायचे, संख्या सापडली नाही तर काय करायचे, मेमरी मोकळी करणे, सगळे जागच्या जागी होते. फंक्शनला हेडचा (यादीच्या सुरुवातीचा) पत्ता दोन तारकांनी लिहिल्या जाणाऱ्या डबल पॉइंटरने, म्हणजे पत्त्याच्याही पत्त्याने, दिला होता, जो मी तोवर वर्गात शिकवलेलाही नव्हता. मी विचारले की येथे दोन तारका का आहेत, आणि एक काढली तर काय बिघडेल? उत्तर आले नाही. मग मी कागदावर १०, २० आणि ३० असे तीन चौकोन काढून त्यातला २० काढायला सांगितला. त्याने १० पासून ३० कडे बाण बरोबर काढला, पण तो बाण त्याच्याच प्रोग्राममधल्या कोणत्या ओळीने काढला जातो, हे त्याला दाखवता आले नाही.

मला अस्वस्थ करते ते हेच. मुलाला कल्पना समजलेली आहे, प्रोग्रामही बरोबर आहे, पण या दोहोंना जोडणारा दुवा, जो पूर्वी चुका करत, सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम कोसळणे) खात, रात्री उशिरापर्यंत बसून तयार होत असे, तो तयारच झालेला नाही. मी हे बोलून दाखवले की मुले म्हणतात, ‘मॅडम, कंपनीत तरी हाताने कोण लिहितो आता?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायला मी उद्योगक्षेत्रात नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारते: तयार प्रोग्रामला टर्मवर्कचे (सत्रभराच्या कामाचे) गुण देण्यात आता काही अर्थ उरला आहे का? नसेल, तर गुण कशाला द्यावेत? आणि हाताने लिहिण्याचे कौशल्य खरोखरच कालबाह्य होत असेल, तर ते शिकवण्याचा अट्टहास मी का धरावा?


जुना_कंपायलर

मॅडम, मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळतो आणि नव्याने रुजू होणाऱ्यांच्या मुलाखतीही घेतो. तुमचे विद्यार्थी म्हणतात ते अर्धे खरे आहे. एडिटरमध्येच एआय सहायक बसवलेला असतो. ठरावीक साच्याचा कोड, टेस्ट केसेस, एसक्यूएलच्या लांबलचक क्वेऱ्या हे सगळे आता प्रामुख्याने तोच लिहितो आणि आम्ही वाचून स्वीकारतो. उरलेले अर्धे मात्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही, कारण ते जाहिरातीत नसते.

२०२५ च्या जुलैमध्ये मीटर या अमेरिकी संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १६ अनुभवी प्रोग्रामर होते आणि त्यांच्याच ओळखीच्या ओपन सोर्स प्रकल्पांतली २४६ कामे होती. कोणत्या कामात एआय वापरायचे आणि कोणत्यात नाही, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. एआय वापरलेल्या कामांना सरासरी १९ टक्के अधिक वेळ लागला. त्याहून बोलका भाग असा की काम संपल्यावरही त्या मंडळींची समजूत आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला अशीच होती. प्रयोग लहान आहे, माणसे मुरलेली होती, प्रकल्प मोठे आणि जुने होते, आणि साधने त्यानंतर सुधारलेली आहेत. त्यामुळे एआयने काम मंदावते असा सरसकट निष्कर्ष मी काढणार नाही. पण काम भराभर होत असल्याची भावना आणि प्रत्यक्ष घड्याळ यांत एवढे अंतर पडू शकते, हे अनुभवी लोकांच्या बाबतीत खरे असेल, तर दुसऱ्या वर्षाच्या मुलाने ‘मला सगळे समजते’ म्हटल्यावर त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे तुम्हीच ठरवा.

आता नोकरीचे. पूर्वी नव्या मुलाला आम्ही किरकोळ बग द्यायचो. त्या कामाचे मोल फारसे नसे, पण ते करताना तो आमच्या प्रणालीच्या कानाकोपऱ्यांत फिरून येई आणि सहा-आठ महिन्यांत उपयोगी पडू लागे. तेच बग आता एखादा अनुभवी सहकारी सहायकाच्या मदतीने जेवणानंतरच्या दोन तासांत उरकून टाकतो. व्यवस्थापनाला हे स्वस्त वाटते, आणि आणखी काही वर्षांनी अनुभवी माणूस कोठून आणायचा हा प्रश्न कोणाच्याच तिमाही अहवालात बसत नाही. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील वेतनपटांची आकडेवारी तपासून ऑगस्ट २०२५ मध्ये असे मांडले की, एआयचा सर्वाधिक प्रभाव पडू शकेल अशा व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातील रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटला, तर त्याच व्यवसायांतील अधिक अनुभवी लोकांचा रोजगार टिकला किंवा वाढला. आपल्याकडे टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास पदे कमी करण्याचे जाहीर केल्यावर ते सगळे एआयच्या खात्यावर टाकले गेले. मात्र ती कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतली होती आणि कंपनीने कारण दिले ते कौशल्ये जुळत नसल्याचे. त्यामुळे या दोन गोष्टींची सरमिसळ मी करणार नाही.

मुलाखतीत आम्ही आता कोरा कागद देऊन प्रोग्राम लिहायला क्वचितच सांगतो. साठ-सत्तर ओळींचा, चालणारा, नीटनेटका कोड समोर ठेवतो आणि विचारतो की यात गोची कोठे आहे. आमचा एक आवडता नमुना सांगतो. तारखा ‘दिवस-महिना-वर्ष’ अशा मजकूर स्वरूपात साठवल्या आहेत आणि त्यांचा क्रम लावला आहे. सोबतच्या टेस्टमधल्या सगळ्या तारखा एकाच महिन्यातल्या असल्यामुळे सर्व टेस्ट पास होतात. प्रत्यक्षात ०१-१२-२०२४ ही तारीख ०२-०१-२०२४ च्या आधी येऊन बसते, कारण तुलना अक्षरांची चालली आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी असा घोळ स्वतः घालून निस्तरला आहे, त्याची नजर त्या ओळीवर थांबते. ज्याने फक्त तयार कोड पाहिला आहे, तो व्हेरिएबलच्या नावांचे कौतुक करतो. म्हणून तुमचा अट्टहास सोडू नका. हाताने लिहिता येणे हे आमच्याकडे आता विकण्याचे कौशल्य फारसे राहिलेले नाही, पण कोड वाचण्याची नजर मिळवण्याचा दुसरा मार्ग निदान मला तरी माहीत नाही.


तिसरे_सत्र

मी विद्यार्थी आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. पहिल्या वर्षी वर्गात शंका विचारायची म्हणजे आधी ती मनात इंग्रजीत जुळवावी लागे आणि तेवढ्यात सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असत. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) मला एआयनेच शिकवले. एकच गोष्ट मी त्याला कितीतरी वेळा विचारली, मराठीत विचारली, चुकीच्या शब्दांत विचारली, आणि त्याने एकदाही ‘एवढेही येत नाही का’ असे म्हटले नाही. मराठीत हे पूर्वी आजच्याइतके सहज नव्हते. एआयची ही प्रारूपे (मॉडेल) मजकुराचे तुकडे पाडून वाचतात आणि मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीच्या मानाने खूपच जास्त पडत. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आले तेव्हा ते आणि चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच दाखवले होते की ज्या मराठी नमुन्याला आधी ९६ तुकडे लागत त्याला आता ३३ पुरतात. मोफत वापरणाऱ्याला मर्यादेच्या आत किती विचारता येईल, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

प्रोग्राम न समजता आणणाऱ्यांचा मी बचाव करत नाही. परंतु एकाच आठवड्यात चार विषयांचे सबमिशन असते, जर्नलमध्ये समासाची रेघ आखलेली आहे का हे तपासले जाते आणि आत काय लिहिले आहे हे सहसा कोणी विचारत नाही, अशी व्यवस्था असेल तर विद्यार्थी तिच्याशी सुसंगतच वागतो. मॅडमनी त्या मुलाला तीन चौकोन काढायला लावले, हे वाचून मला खरे तर हेवा वाटला. आमच्याकडे सही मिळते आणि विषय संपतो.


खडू_फळा

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आहे. वरील विद्यार्थ्याचे म्हणणे आणि मॅडमची चिंता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे दाखवणारा एक चांगला प्रयोग उपलब्ध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत २०२३ मध्ये जवळजवळ एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासांना हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष आधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडले आणि पुढे ते २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आले. एका गटाला सरावासाठी नेहमीसारखे चॅट करणारे जीपीटी-४ दिले. दुसऱ्या गटालाही तेच प्रारूप दिले, पण शिक्षकांनी तयार केलेले इशारे आणि विद्यार्थी नेहमी करतात त्या चुका त्याला आधी सांगून ठेवल्या होत्या, आणि सरळ उत्तर द्यायचे नाही अशी तंबीही होती. तिसऱ्या गटाकडे फक्त वही आणि पुस्तक होते. सरावात पहिल्या गटाची कामगिरी तिसऱ्यापेक्षा ४८ टक्के आणि दुसऱ्याची १२७ टक्के सरस ठरली. त्यानंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा पहिला गट, ज्यांना कधीच एआय मिळाले नव्हते त्यांच्याहूनही १७ टक्के मागे पडला. दुसऱ्या गटाचे नुकसान जवळजवळ झाले नाही.

हा प्रयोग सांगताना बहुतेक लोक येथेच थांबतात आणि ‘इशारे देणारे एआय चांगले’ असे म्हणून मोकळे होतात. माझ्या मते खरी मेख पुढे आहे. सरावात १२७ टक्के पुढे असलेला तो गटही परीक्षेत वही-पुस्तकवाल्यांच्या पुढे गेला नाही, केवळ बरोबरीत राहिला. सरावाचा आकडा शिकण्याचा निदर्शक उरला नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. आपल्या टर्मवर्कची सगळी इमारत नेमकी याच निदर्शकावर उभी आहे. विद्यार्थ्याने सत्रभर काम केले, त्या अर्थी तो शिकला असेल, हे आपले जुने गृहीतक होते. शिवाय पहिल्या गटातील मुलांना आपण कमी शिकलो आहोत याची जाणीवही नव्हती. वर जुना_कंपायलर यांनी अनुभवी प्रोग्रामरांविषयी जे सांगितले, त्याच्याशी हे जुळते.

एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते, कारण मॅडमच्या महाविद्यालयात आज ना उद्या कोणीतरी एआय ओळखणारे सॉफ्टवेअर विकत घेण्याचा प्रस्ताव मांडणारच. ओपनएआयने स्वतःचे असे साधन जानेवारी २०२३ मध्ये काढले. त्यांच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ‘बहुधा एआयचा’ म्हणून ओळखत होते, आणि जुलैमध्ये त्यांनी ते अचूकता कमी असल्याच्या कारणावरून मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध अशा सात साधनांना दाखवले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी एआयचे ठरवले, कारण मर्यादित शब्दसंग्रहातले सरळ इंग्रजी त्यांना यंत्राचे वाटते. मराठी माध्यमातून आलेली आपली मुले कशा प्रकारचे इंग्रजी लिहितात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. म्हणजे पकडला जाईल तो प्रामाणिक मुलगा. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्याविषयीची २०१८ ची नियमावली येथे मदतीला येत नाही. तिच्यातील १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या साम्य मोजण्यासाठी आहेत, आणि एआयचा मजकूर सहसा कोणाशीच साम्य दाखवत नाही.

त्यामुळे मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की, घरून आणलेल्या प्रोग्रामला शून्य नव्हे, पण नाममात्र गुण ठेवावेत आणि उरलेले गुण तो प्रोग्राम समोर ठेवून, साधनाविना, त्यात काहीतरी बदलायला लावून द्यावेत. शून्य ठेवले तर मुले तो आणणारच नाहीत.


मसुदा

मी प्रोग्रामर नाही. इंग्रजीतून मराठीत विमा आणि बँकांची कागदपत्रे अनुवादित करणे हा माझा व्यवसाय आहे. तुमच्या क्षेत्रात आज जे घडते आहे ते आमच्याकडे थोडे आधी घडून गेले, म्हणून लिहिते.

आता मला कोरा इंग्रजी मजकूर क्वचितच मिळतो. यंत्राने केलेला मराठी मसुदा येतो, तो तपासून सुधारायचा असतो, आणि दर शब्दामागे आधीच्या मानाने बराच कमी मिळतो, कारण ‘मुख्य काम तर झालेलेच आहे’ असे मानले जाते. पूर्वीच्या यंत्रांचे मराठी इतके वेडेवाकडे असे की चूक लांबूनच दिसायची. आताचे मराठी गुळगुळीत असते, आणि म्हणूनच तपासणे अवघड झाले आहे. गेल्या वर्षी एका पॉलिसीत मूळ अट अशी होती की ३० दिवसांच्या आत कळवले नाही तर संरक्षण मिळणार नाही. मसुद्यात होते: ‘३० दिवसांच्या आत कळविल्यास संरक्षण अनुज्ञेय राहणार नाही.’ व्याकरण शुद्ध, शब्द कार्यालयीन, प्रवाह उत्तम, आणि अर्थ नेमका उलटा. दिवसभर असे मजकूर वाचल्यावर चारच्या सुमारास डोळा अशा वाक्यावरून सरळ घसरतो.

मला हे वाक्य खटकले, कारण अशी शेकडो वाक्ये मी स्वतः जुळवलेली आहेत आणि नकार कोठे बसवायचा यावर अडलेली आहे. माझ्याकडे उमेदवारी करायला येणाऱ्या मुली थेट तपासणीपासूनच सुरुवात करतात, कारण बाजारात तेवढेच काम आहे. त्यांना मी रोज एक पान यंत्राविना करायला लावते. त्याचे पैसे कोणीही देत नाही, हे त्यांनाही कळते.


नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून थोडक्यात भर घालतो. मी सांगतो त्या अभ्यासातले एआय मजकूर लिहिणारे नाही, चित्रातली खूण दाखवणारे आहे. पण मुद्दा लागू पडतो. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी एआय आणले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, एआय येण्यापूर्वी हे डॉक्टर २८.४ टक्के तपासण्यांत अॅडेनोमाच्या (पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या) गाठी शोधून काढत. एआय आल्यानंतर त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आले. हे डॉक्टर नवशिके नव्हते, प्रत्येकाने दोन हजारांहून अधिक तपासण्या केलेल्या होत्या. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, दुसरी कारणेही असू शकतात. तरीही, ज्यांनी कौशल्य आधीच कमावले आहे ते सुरक्षित आहेत, असा जो सूर वरच्या काही प्रतिसादांत आहे, तो मला थोडा घाईचा वाटतो.


लॅबवही

सर्वांचे मनापासून आभार. नाडीपरीक्षा यांचा मुद्दा मला शिक्षक म्हणून स्वतःलाही लावून पाहावा लागेल, कारण प्रश्नपत्रिका काढताना मीही आता या साधनांचा आधार घेते.

तिसरे_सत्र, तुम्ही लिहिलेत ते मला पटले. समासाच्या रेघेला गुण देणारी व्यवस्था आम्हीच चालवली आहे, आणि तुमच्यासारखा विद्यार्थी रात्री मराठीतून शंका विचारू शकतो हे चांगलेच आहे. ते मी थांबवू इच्छित नाही.

खडू_फळा यांची सूचना मी या सत्रापासून अमलात आणायचे म्हणते. टर्मवर्कचे एकूण गुण विद्यापीठ ठरवते, पण त्याच्या आतील वाटणी बऱ्याच अंशी माझ्या हातात आहे. अडचण वेळेची आहे. बॅच विसाची आणि प्रात्यक्षिक दोन तासांचे. प्रत्येकाला पाच मिनिटे प्रश्न विचारले तरी शंभर मिनिटे त्यातच जातात आणि नवा प्रयोग शिकवायला वीस मिनिटे उरतात. शिवाय पहिल्या पाच जणांना काय विचारले, हे सहाव्याला येण्याआधीच ठाऊक झालेले असते. मोठ्या बॅचसाठी कोणी यातून मार्ग काढला आहे का?


पॉलीवाला

मॅडम, मी तंत्रनिकेतनात शिकवतो आणि आमच्या बॅचही तेवढ्याच मोठ्या असतात. सर्वांची तोंडी परीक्षा घेणे आम्हाला जमले नाही, म्हणून आम्ही चिठ्ठ्यांवर आलो.

प्रात्यक्षिकाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपला आधीचा प्रोग्राम छापील स्वरूपात समोर ठेवायचा. संगणक बंद, मोबाईल टेबलावर पुढे. प्रत्येकजण एक चिठ्ठी उचलतो आणि तिच्यात सांगितलेला बदल त्याच छापील कागदावर पेनने करतो. वेळ वीस मिनिटे. बदल लहान असतात: दिलेल्या संख्येचा पहिलाच नव्हे तर सर्व नोड काढून टाका, काढलेल्या नोडांची संख्या परत करा, ही ओळ आणि तिच्या खालची ओळ यांची अदलाबदल केली तर काय होईल ते दोन वाक्यांत लिहा. हा शेवटचा प्रकार सर्वांत उपयोगी पडतो. मेमरी मोकळी करण्याची ओळ एक घर वर सरकवली की, ज्याला समजलेले आहे तो लगेच सांगतो की आता पुढच्या नोडचा पत्ता मोकळ्या केलेल्या जागेतून वाचला जाईल. ज्याला समजलेले नाही तो ‘एरर येईल’ एवढेच लिहितो. तपासायला एका कागदाला मिनिटभरही लागत नाही, आणि तोंडी प्रश्न मग ज्यांच्या कागदावरून काहीच ठरवता येत नाही अशा तीन-चार जणांनाच विचारावे लागतात. चिठ्ठ्या पुरेशा वेगवेगळ्या असल्या की फुटण्याचा प्रश्नही उरत नाही.

यात एक उणीव आहे. सावकाश विचार करणारी काही मुले, ज्यांना विषय खरोखर येतो, ती वीस मिनिटांत अडकतात. त्यांना आम्ही तोच कागद पुढच्या आठवड्यात पुन्हा सोडवू देतो, फक्त चिठ्ठी दुसरी. यामुळे काम वाढते, पण फार नाही.

चिठ्ठ्या तयार करायला मी एआयचीच मदत घेतो, कारण एका प्रयोगाला पंचवीस-तीस वेगवेगळे बदल सुचवणे कंटाळवाणे आहे. त्या प्रत्येक वेळी वाचून घ्याव्या लागतात. एकदा एक चिठ्ठी अशी आली: ‘एकेरी लिंक्ड लिस्टमध्ये फक्त शेवटच्या नोडचा पॉइंटर दिलेला असताना तो नोड यादीतून काढून टाका.’ हे करता येत नाही, कारण आधीच्या नोडपर्यंत मागे जायला वाटच नसते. एआयने त्याचे उत्तरही ऐटीत लिहून दिले होते. ती चिठ्ठी मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. ज्याच्या वाट्याला ती येते त्याने ‘हे शक्य नाही’ असे कारणासह लिहिले, तर पूर्ण गुण. एका मुलीने त्याच्या पुढे ‘यादी वर्तुळाकार असती तर जमले असते’ असेही लिहिले होते, तिला देण्यासाठी माझ्याकडे जास्तीचे गुण नव्हते.

लिंक्ड लिस्ट, स्टॅक आणि क्यू यांच्या चिठ्ठ्यांचा संच माझ्याकडे तयार आहे. हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. ट्रीचा संच अर्धवट आहे. तुम्ही काही चिठ्ठ्या घातल्यात तर तो या सत्रात पुरा होईल.